एका वाक्यावर अडून बसलेला दिग्दर्शक

१६ जानेवारी १९४२ च्या संध्याकाळी लास व्हेगासहून निघालेले एक प्रवासी विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच पोटोसी डोंगरावर आदळले. विमानातील २२ जणांपैकी कुणीही वाचले नाही. मृतांमध्ये अमेरिकी लष्कराचे १५ जवान होते आणि कॅरोल लोम्बार्ड ही हॉलिवूडची लाडकी अभिनेत्रीही होती. अवघ्या ३३ वर्षांची लोम्बार्ड आदल्याच दिवशी इंडियानापोलिस येथे २० लाख डॉलरहून अधिक रकमेचे युद्धरोखे विकून आईसमवेत घरी परतत होती. तिचा अखेरचा चित्रपट तेव्हा प्रदर्शनाच्या वाटेवर होता. विमानात असे काय होऊ शकते, अशा आशयाचे एक हलकेफुलके वाक्य त्यात तिच्या तोंडी होते. ते तातडीने काढून टाकण्यात आले.

त्याच चित्रपटातील दुसरे एक वाक्य काढावे, असा आग्रह दिग्दर्शकाच्या निकटवर्तीयांनी धरला होता. नायिकेच्या मृत्यूमुळे पहिले वाक्य विनातक्रार कापणारा हा दिग्दर्शक दुसऱ्या वाक्यावर मात्र अडून बसला. ते अखेरपर्यंत चित्रपटात राहिले आणि त्यापायी त्याला निर्दय, अभिरुचिहीन अशी विशेषणे सोसावी लागली. हा दिग्दर्शक म्हणजे अर्न्स्ट लुबिच आणि चित्रपट 'टू बी ऑर नॉट टू बी'. नाझींच्या टाचेखाली भरडल्या जाणाऱ्या वॉर्सा शहराची ही विनोदी कथा महायुद्ध ऐन भरात असताना पडद्यावर आली. हसू नये अशा ठिकाणी हसण्याचे धाडस त्याच्या अंगी कुठून आले, हे समजून घ्यायचे तर बर्लिनमधील एका शिंप्याच्या दुकानापर्यंत मागे जावे लागते.

लुबिचचा जन्म २९ जानेवारी १८९२ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील रशियन साम्राज्यातून येऊन तेथे स्थायिक झालेले ज्यू. स्त्रियांचे कपडे शिवून विकण्याचा त्यांचा व्यवसाय बऱ्यापैकी चालत होता. मुलाने शाळा आटोपून गल्ल्यावर बसावे, ही त्यांची अपेक्षा, तर मुलाला नाटकाचे वेड. असल्या चेहऱ्याने रंगमंचावर कुठे निभाव लागणार, असे वडिलांनी त्याला आरशापुढे उभे करून विचारले, असे सांगितले जाते. बुटका बांधा आणि मोठे नाक ही लुबिचची शरीरसंपदा नायकाच्या भूमिकांना पोषक नव्हती हे खरेच. पण विनोदी नटाला तीच भांडवल म्हणून उपयोगी पडते. काही काळ दिवसा दुकानात हिशेब आणि रात्री नाटकात काम, असा दुहेरी संसार त्याने केला.

१९११ मध्ये मॅक्स राइनहार्ट या थोर दिग्दर्शकाच्या बर्लिनमधील नाट्यसंस्थेत त्याला प्रवेश मिळाला. भूमिका किरकोळच असत. आघाडीचे नट प्रकाशात उभे राहून टाळ्या घेत आणि लुबिच मागच्या रांगेतून त्यांचे निरीक्षण करी. नटाचा अहंकार, त्याची असूया, प्रेक्षागृहातील एखाद्या खोकल्यानेही दुखावणारे त्याचे मन हे सारे त्याने फार जवळून पाहिले. तीस वर्षांनी त्याच्या सर्वांत वादग्रस्त चित्रपटाचा कच्चा माल हाच ठरला.

राइनहार्टच्या संस्थेत असतानाच तो मूकपटांकडे वळला. १९१६ च्या 'शूपालास्ट पिंकुस' या मूकपटात त्याने चपलांच्या दुकानातील आगाऊ, पण हिकमती ज्यू उमेदवाराची भूमिका केली. वडिलांच्या ज्या दुकानातून तो निसटला होता, ते दुकान अशा रीतीने त्याच्या चित्रपटांत परतले आणि पुढेही अधूनमधून परतत राहिले. मात्र नटापेक्षा दिग्दर्शक म्हणून त्याची चाल वेगवान होती. 'मादाम द्युबारी' (१९१९) या भव्य ऐतिहासिक चित्रपटाने पोला नेग्री आणि एमिल यानिंग्ज या नटद्वयाबरोबर लुबिचलाही जगापुढे आणले. पहिल्या महायुद्धाच्या कटुतेमुळे जर्मन मालाकडे पाठ फिरविणाऱ्या अमेरिकेतही तो 'पॅशन' या नावाने गाजला. १९२० च्या 'सुमुरून'मध्ये लुबिचने कुबड्या विदूषक रंगविला आणि त्यानंतर नट म्हणून चेहऱ्याचा रंग कायमचा पुसला.

मेरी पिकफर्ड ही त्या काळातील हॉलिवूडची अनभिषिक्त सम्राज्ञी. तिच्याच निमंत्रणावरून लुबिच १९२२ मध्ये अमेरिकेत आला. दोघांनी मिळून केलेला 'रोझिटा' (१९२३) चांगला चालला, पण दोघांचे सूर काही जुळले नाहीत. हा माणसांपेक्षा दारांचाच दिग्दर्शक आहे, अशी तिची तक्रार होती. रागाच्या भरात केलेली ही टीका लुबिचच्या शैलीचे इतके अचूक वर्णन ठरेल, याची तिला कल्पना नसावी. कारण लुबिचच्या चित्रपटांत महत्त्वाचे ते बहुधा बंद दारामागेच घडते. कोण आत गेले, किती वेळाने बाहेर आले आणि बाहेर येताना काय बदलले होते एवढेच तो दाखवितो. उरलेला हिशेब प्रेक्षकाने करायचा.

'द मेरी विडो' (१९३४) मधील एक प्रसंग यासाठी नेहमी सांगितला जातो. लठ्ठ राजा राणीच्या शयनगृहातून बाहेर पडतो आणि एक देखणा अधिकारी आत शिरतो. तलवार आणि पट्टा विसरल्याचे ध्यानात येऊन राजा माघारी फिरतो, दोन्ही वस्तू घेऊन निश्चिंतपणे बाहेर येतो आणि पट्टा बांधू लागतो. पट्टा काही केल्या पोटाला पुरत नाही. तेवढ्यावरून राजाला जे कळायचे ते कळते. एक शब्द नाही, एक मिठी नाही. सेन्सॉरने कात्री लावावी तरी कुठे? या शैलीला 'लुबिच टच' असे नाव पडले. त्या नावाचा पुढे जाहिरातदारांनी इतका वापर केला की त्याचा अर्थच पातळ झाला. पण मुळात त्यात प्रेक्षकाच्या बुद्धीविषयीचा आदर होता.

तिसाव्या दशकात लुबिच यशाच्या शिखरावर होता. 'ट्रबल इन पॅराडाइज' (१९३२) हा दोन चोरांच्या प्रेमाचा चित्रपट आजही विनोदी पटांचा मानदंड मानला जातो. १९३५ मध्ये पॅरामाउंट कंपनीने त्याला निर्मितीप्रमुख नेमले. एखाद्या कार्यरत दिग्दर्शकाच्या हाती बड्या स्टुडिओची सूत्रे देण्याचा हा दुर्मीळ प्रयोग जेमतेम वर्षभर टिकला. खासगी आयुष्य मात्र त्याच्या चित्रपटांइतके डौलदार नव्हते. पहिल्या पत्नीचे मन त्याच्याच जुन्या पटकथालेखकाकडे, हान्स क्रेलीकडे ओढले गेले आणि १९३० मध्ये संसार मोडला. दुसरा विवाहही टिकला नाही. विवाहबाह्य प्रेमाकडे खट्याळ, क्षमाशील नजरेने पाहणाऱ्या या दिग्दर्शकाला स्वतःच्या घरी त्याची पुरेपूर किंमत मोजावी लागली.

इकडे जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. १९३५ मध्ये नाझी राजवटीने लुबिचचे जर्मन नागरिकत्व काढून घेतले. पुढच्या वर्षी तो अमेरिकेचा नागरिक झाला. जुने सोबती दोन दिशांना पांगले. ज्या यानिंग्जबरोबर त्याने उमेदीची वर्षे घालविली, तो बर्लिनमध्ये नाझी प्रचारपटांतून मानाच्या भूमिका करू लागला. जे ज्यू होते किंवा राजवटीच्या डोळ्यांत सलत होते, ते मिळेल त्या बोटीने हॉलिवूडला पोहोचत होते. या निर्वासित कलावंतांच्या मदतीसाठी एजंट पॉल कोनर याने पुढाकार घेऊन युरोपियन फिल्म फंड उभारला. त्यातही लुबिच आघाडीवर होता. १९४० साली 'डेअर एविगे युडे' या अत्यंत विखारी नाझी प्रचारपटात ज्यूंविरुद्धचा पुरावा म्हणून ज्या चेहऱ्यांचे चित्रण वापरले गेले, त्यांत लुबिचचाही चेहरा होता. वडिलांनी आरशापुढे नाक मुरडले, तोच हा चेहरा.

युद्धाने त्याच्या घरालाही स्पर्श केला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारले त्याच दिवशी, 'अथेनिया' हे ब्रिटिश प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने बुडविले. शंभरहून अधिक जण दगावले. जहाजावर लुबिचची दहा महिन्यांची मुलगी होती, दाईच्या सोबतीने अमेरिकेकडे निघालेली. दाईने त्या धुमश्चक्रीत तान्हुलीला जपले आणि दोघीही वाचल्या. हॉलिवूडमध्ये लुबिचचा 'निनोच्का' त्या वेळी प्रदर्शनाच्या बेतात होता. नेहमी गंभीर असणारी ग्रेटा गार्बो यात हसते, एवढ्याच गोष्टीवर त्याची जाहिरात बेतलेली होती.

'निनोच्का'ची मूळ कल्पना मेल्चिओर लेंग्येल या हंगेरियन लेखकाची. त्याच्याच कल्पनेवरून 'टू बी ऑर नॉट टू बी' आकाराला आला. पटकथा एडविन जस्टस मेयरने लिहिली. छायाचित्रणाला रुडॉल्फ माते, कलादिग्दर्शनाला व्हिन्सेंट कोर्डा, संगीताला वेर्नर हायमान, असे युरोपातून आलेल्यांचेच गणगोत जमले. हिटलरच्या फौजांनी बेचिराख केलेले वॉर्साचे रस्ते हॉलिवूडच्या स्टुडिओत उभारले गेले ते बहुतांशी या स्थलांतरितांच्या हातांनी.

नायक म्हणून लुबिचच्या डोळ्यांपुढे पहिल्यापासून जॅक बेनी होता. बेनी रेडिओवरचा लोकप्रिय विनोदी कलाकार; कंजूष, आत्मसंतुष्ट आणि वाईट व्हायोलिन वाजविणारा माणूस ही त्याची घरोघरी पोहोचलेली प्रतिमा. चित्रपटांत मात्र त्याला फारसे कुणी गंभीरपणे घेतले नव्हते. लुबिचसारखा दिग्दर्शक आपल्यासाठी भूमिका बेततो आहे, यावर त्याचा विश्वास बसेना. तोही पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू बापाचा मुलगा आणि बापाचा धंदाही कापडाचोपडाचाच, हा योगायोग मोठा गमतीचा. नायिका म्हणून आधी मिरियम हॉपकिन्सचे नाव होते. ती बाजूला झाल्यावर लोम्बार्ड आली. रॉबर्ट स्टॅक हा विशीतला तरुण नट तिच्या प्रेमात पडणाऱ्या वैमानिकाच्या भूमिकेत होता. जर्मनीत जन्मलेले फेलिक्स ब्रेसार्ट आणि सिग रूमान यांना लुबिचने परस्परविरुद्ध बाजूंना उभे केले. ब्रेसार्ट हा स्वतः नाझींमुळे देश सोडावा लागलेला ज्यू नट. तो झाला वॉर्सातील नाटकमंडळीत भाला घेऊन उभा राहणारा ग्रीनबर्ग. रूमान झाला गेस्टापोचा कर्नल एरहार्ट.

चित्रपटाची सुरुवातच चकविणारी आहे. ऑगस्ट १९३९. वॉर्साच्या भर बाजारात एकटा हिटलर उभा आहे आणि लोक अवाक् होऊन बघत आहेत. मग कळते की तो ब्रॉन्स्की नावाचा नट असून आपला रंगभूषेचा पोशाख खरा वाटतो की नाही, हे आजमावायला रस्त्यावर आला आहे. गर्दीतून एक चिमुरडी पुढे येऊन त्या नटाची सही मागते आणि सारा आव उतरतो. नाटकमंडळी गेस्टापोची टवाळी करणारे नाटक बसवीत असतात, पण शेजाऱ्याला चिडवू नये म्हणून सरकार त्यावर बंदी घालते. मग पुन्हा 'हॅम्लेट'. आगरकरांच्या 'विकारविलसित'पासून मराठी वाचकाला परिचित असलेले ते प्रसिद्ध स्वगत नायक जोसेफ तुरा म्हणू लागतो आणि नेमका त्याच क्षणी दुसऱ्या रांगेतून एक देखणा वैमानिक उठून चालू लागतो. तो जातो रंगमंचामागे, तुराच्या पत्नीला भेटायला. तुराला जिव्हारी लागते ते मात्र एवढेच की आपले स्वगत चालू असताना प्रेक्षक उठून गेला!

त्यानंतर बॉम्ब पडतात. इथून पुढे लुबिच जे करतो ते आजही श्वास रोखायला लावते. भूमिगतांच्या नातलगांचे पत्ते घेऊन वॉर्साला आलेल्या हेराला रोखण्यासाठी या अहंमन्य, एकमेकांवर जळणाऱ्या नटांना गेस्टापो अधिकाऱ्यांची सोंगे वठवावी लागतात. बंदी आलेल्या नाटकाचे पोशाख आणि पडदे आता जीव वाचविण्याच्या कामी येतात. तुरा आधी कर्नल एरहार्ट बनून हेराला फसवितो, मग हेर मेल्यावर हेर बनून खऱ्या एरहार्टपुढे बसतो. एका खोलीत तर त्याला खऱ्या हेराच्या प्रेतासोबत कोंडले जाते आणि तो प्रेताची दाढी उतरवून तेथे खोटी चिकटवतो. मरणाच्या दारातही तुराला एकच काळजी असते. समोरच्या नाझीने तुरा नावाच्या थोर नटाचे नाव ऐकले आहे की नाही! याच प्रश्नाला एरहार्ट जे उत्तर देतो, तेच ते वादग्रस्त वाक्य. शेक्सपिअरची त्या नटाने जी गत केली तीच आपण आता पोलंडची करीत आहोत, असा त्याचा आशय.

चित्रीकरण ६ नोव्हेंबर १९४१ ला सुरू झाले आणि नाताळच्या तोंडावर संपले. मध्येच ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. चित्रपट सुरू झाला तेव्हा अमेरिका तटस्थ होती, संपला तेव्हा युद्धात होती. मग लोम्बार्डचा अपघात झाला. त्या आठवड्यात जॅक बेनीने आपल्या रेडिओ कार्यक्रमातून विनोद वगळला आणि श्रोत्यांना केवळ संगीत ऐकविले. अशा वातावरणात १९ फेब्रुवारी १९४२ रोजी लॉस एंजेलिस येथे चित्रपटाचा पहिला खेळ झाला. त्याआधीच्या चाचणी खेळात प्रेक्षक खळखळून हसत होते, ते एरहार्टच्या त्या वाक्यापाशी गपकन थांबले. पोलंड जळत असताना त्याची तुलना वाईट अभिनयाशी? जवळच्या मंडळींनी ते वाक्य काढण्याचा सल्ला दिला आणि लुबिचने तो धुडकावला.

'न्यूयॉर्क टाइम्स'चे बॉस्ली क्राउदर यांच्यासह अनेक समीक्षकांनी चित्रपटावर कठोर टीका केली. बर्लिनमध्ये जन्मलेल्या दिग्दर्शकाला वॉर्सावरील बॉम्बवर्षावात मौज वाटते, असाही सूर निघाला. ज्याचा चेहरा नाझींनी द्वेषाचे चित्र म्हणून फिरविला, त्याला हे ऐकावे लागले. सहसा टीकेला उत्तर न देणाऱ्या लुबिचने या वेळी वृत्तपत्रांतून बाजू मांडली. आपण पोलिश जनतेची थट्टा केलेली नाही. थट्टा केली ती नाझींची आणि नटांची, असे त्याचे म्हणणे होते. पडद्यावर छळछावणी किंवा चाबूक का नाही, याचेही त्याने उत्तर दिले. हे नाझी त्या पायरीच्या कधीच पुढे गेले आहेत. मारहाण आणि छळ हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग झाला असून, विक्रेत्याने पिशवी विकल्याचे सांगावे तितक्या सहजतेने ते त्याविषयी बोलतात, हे त्याला दाखवायचे होते. दुकानाच्या गल्ल्यावर वाढलेल्या माणसाला हीच उपमा सुचावी, हे स्वाभाविकच होते.

आज मागे वळून पाहताना हे उत्तर अंगावर येते. लोम्बार्डच्या अपघातानंतर चारच दिवसांनी, २० जानेवारी १९४२ ला, बर्लिनच्या वानझे उपनगरातील एका बंगल्यात नाझी अधिकाऱ्यांची बैठक भरली आणि युरोपातील ज्यूंच्या संहाराची व्यवस्था कार्यालयीन विषयपत्रिकेसारखी चर्चिली गेली. लुबिचला त्याची खबर असणे शक्यच नव्हते. नाझींच्या अत्याचारांची पूर्ण कल्पना असती तर 'द ग्रेट डिक्टेटर' करणे आपल्याला जमले नसते, असे चार्ली चॅप्लिनने पुढे आत्मचरित्रात लिहिले. लुबिचने असे काही म्हटल्याचे आढळत नाही. चॅप्लिनचा हुकूमशहा भव्य आणि वेडा आहे. लुबिचचा एरहार्ट मात्र वरिष्ठांना घाबरणारा, प्रत्येक चुकीचे खापर हाताखालच्या शुल्ट्झवर फोडणारा, स्वतःच्या नावापुढे छळछावणीची उपाधी लागल्याने मनोमन सुखावणारा कार्यालयीन साहेब आहे. तो हसवितो आणि त्याच दमात मृत्युदंडाच्या कागदावर सही करू शकतो. त्यामुळे दोघांत अधिक भयंकर कोण, या प्रश्नावर कौल लुबिचच्या बाजूने द्यावासा वाटतो.

ते वाक्यही नीट पाहिले तर त्याची धार पोलंडकडे वळलेली नाही. देश उद्ध्वस्त करणे ज्याला नाट्यसमीक्षेइतके किरकोळ वाटते, अशा माणसाचे ते आत्मचित्र आहे. ते कापले असते तर एरहार्ट केवळ एक लठ्ठ विदूषक उरला असता.

या साऱ्या गदारोळात एक दृश्य मात्र टीकाकारांच्या नजरेतून बव्हंशी निसटले. आयुष्यभर भालदार-चोपदार केलेल्या ग्रीनबर्गचे एकच स्वप्न असते, शायलॉकची भूमिका करण्याचे. अखेरीस त्याला ती संधी मिळते ती रंगमंचावर नव्हे, तर नाझी सैनिकांनी भरलेल्या नाट्यगृहाच्या वऱ्हांड्यात, खोट्या हिटलरपुढे. आम्हालाही डोळे नाहीत काय, असे विचारणारे ते भाषण ब्रेसार्ट म्हणतो. त्यात ज्यू हा शब्द येत नाही. सोंगाच्या आत सोंग रचलेले असताना तेवढे एक मिनिट मात्र कुणीच सोंग करीत नसते.

चित्रपट तिकीट खिडकीवर फार चमकला नाही. बेनीच्या वडिलांची गोष्ट मात्र बेनीच सांगत असे. मुलाला नाझी गणवेशात हिटलरच्या नावाने सलाम ठोकताना पाहून म्हातारा संतापून चित्रपटगृहातून निघून गेला आणि त्याने मुलाशी बोलणेच टाकले. तो गणवेश कशासाठी होता, हे समजावून सांगितल्यावर तो पुन्हा गेला, शेवटपर्यंत बसला आणि नंतर तोच चित्रपट कित्येकदा पाहत राहिला. इतरांना मन वळवायला अधिक वेळ लागला. १९८३ मध्ये मेल ब्रुक्सने त्याची नवी आवृत्ती काढली, तर १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत मूळ चित्रपटाचा समावेश झाला.

ही कीर्ती पाहायला लुबिच नव्हता. 'हेवन कॅन वेट' (१९४३) नंतर त्याच्या हृदयाने दगा द्यायला सुरुवात केली. 'अ रॉयल स्कँडल' (१९४५) च्या वेळी प्रकृतीमुळे त्याला दिग्दर्शकाची खुर्ची ऑटो प्रेमिंजरकडे सोपवावी लागली. 'क्लूनी ब्राऊन' (१९४६) हा त्याने स्वतः पूर्ण केलेला अखेरचा चित्रपट. मार्च १९४७ मध्ये अकादमीने त्याला विशेष ऑस्कर दिले. दिग्दर्शनाचे स्पर्धात्मक ऑस्कर त्याला कधीच मिळाले नाही. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, वयाच्या ५५ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. अंत्ययात्रेहून परतताना बिली वाइल्डर आणि विल्यम वायलर हे दोघे दिग्दर्शक लुबिच गेल्याबद्दल हळहळत होते आणि आता लुबिचचे चित्रपटही मिळणार नाहीत, याचे त्यांना अधिक दुःख होत होते. वाइल्डरने आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर एक पाटी लावली होती. हेच लुबिचने कसे केले असते, असा प्रश्न त्यावर होता.

'दॅट लेडी इन अर्माइन' हा चित्रपट तेव्हा अर्धवट राहिला होता. तो पुन्हा प्रेमिंजरनेच पूर्ण केला. १९४८ मध्ये तो पडद्यावर आला तेव्हा श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून एकच नाव होते, अर्न्स्ट लुबिच.